बाबांचा संप, माझी वर्गणी

"हे दुकान युनियनचं?" बाबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

नोव्हेंबर २०१७. तोआ पायोच्या फेअरप्राइसमध्ये आम्ही तांदळाच्या पिशव्यांसमोर उभे होतो. आई-बाबा दीड महिन्यासाठी सिंगापूरला माझ्याकडे आले होते. आई पिशवीच्या पारदर्शक खिडकीतून दाणा न्याहाळत होती, मोडका किती आणि अख्खा किती. बाबांचं लक्ष मात्र दुकानाच्या पाटीवर. फेअरप्राइसच्या आधी चार अक्षरं होती, एनटीयूसी. त्यातल्या टी आणि यू या दोन अक्षरांवर त्यांची नजर अडकली होती. गिरणीत एकोणीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढं इंग्रजी वाचता येतंच.

"हो बाबा, युनियनचं. इथल्या सगळ्या युनियनांचा मिळून एक महासंघ आहे. नॅशनल ट्रेड्स युनियन काँग्रेस."

"आणि तो किराणा विकतो?"

"किराणा विकतो, विमा विकतो, बालवाड्या चालवतो, फूड कोर्टं चालवतो."

आई म्हणाली, "म्हणजे आपल्या नायगावच्या अपना बाजारसारखंच की."

"अपना बाजार सहकारी," बाबा म्हणाले. "युनियनचं नव्हे." आणि पाच किलोची पिशवी उचलून त्यांनी ट्रॉलीत ठेवली, पण चेहऱ्यावरचा प्रश्न काही गेला नाही. घरी येईपर्यंत ते गप्प होते. पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि मग म्हणाले, "संप केला कधी यांनी?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला पुढचे दीड महिने लागले. खरं तर अजून देते आहे. आज एक मे, इथेही सुट्टी आहे. सकाळीच बाबांना महाराष्ट्र दिनाचा फोन झाला. त्यांच्या लेखी आजचा दिवस आधी कामगार दिन, मग महाराष्ट्र दिन.

माझा जन्म लालबागचा. बाबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. आई खानावळ चालवायची. संगमेश्वर तालुक्यातले सात गाववाले दोन वेळा आमच्या खोलीत जेवायचे आणि पगार झाला की पैसे द्यायचे. गिरणगावात अशा शेकडो बाया होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आमच्याकडे सात ताटं होती, प्रत्येकाच्या काठावर मालकाचं नाव ठोकून कोरलेलं. जेवण झालं की ताटं घासून भिंतीला ओळीनं टेकवायची, हे माझं काम.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. मी सहा वर्षांची होते. साठाहून जास्त गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार, हे आकडे मला फार नंतर कळले. मला कळत होतं ते ताटांवरून. होळीपर्यंत दोन गाववाले गावी गेले. पावसाळ्याआधी आणखी तिघे, पेरणीला. जाणाऱ्याचं ताट आई पुसून, जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवायची. "येतील परत," म्हणायची. गणपती आले तेव्हा भिंतीला एकच ताट होतं. तो माणूसही उधारीवरच जेवत होता आणि आईनं त्याला कधी पैसे मागितले नाहीत. वाण्याची उधारी वाढत गेली आणि दसऱ्यानंतर वाण्यानं हात जोडले. त्याचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, अख्खी चाळच त्याच्या वहीत होती.

संप अधिकृतपणे मागे कधी घेतलाच गेला नाही. बाबांना गिरणीनं परत घेतलं नाही. ग्रॅच्युइटीही मिळाली नाही. दोन वर्षं गावी काढून ते पुन्हा मुंबईला आले आणि दादरच्या एका सोसायटीत वॉचमन झाले. रोज बारा तास, रविवारसुद्धा. एकवीस वर्षं.

हा संप फक्त बोनस आणि पगारवाढीचा नव्हता, हे बाबा आजही बजावून सांगतात. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे अख्ख्या कापड उद्योगात मान्यताप्राप्त युनियन एकच, राष्ट्रीय मिल मजदूर संघ, काँग्रेसच्या घरची. बोलणी करायचा हक्क तिलाच. कामगारांना डॉक्टर दत्ता सामंत हवे होते, पण कायदा म्हणत होता की तुमच्या वतीनं बोलणारा आम्ही ठरवलाय. तो कायदा बदला, ही मागणीही पगारवाढीच्या बरोबरीची होती. त्यामुळे "सरकारी युनियन" हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा वापरला जायचा.

अशा माणसाला मी सांगत होते की इथल्या महासंघाचे सरचिटणीस चान चुन सिंग हे मंत्रिमंडळात मंत्री आहेत.

"मंत्री? चालू मंत्री?"

"हो."

"मग ती सरकारी युनियनच झाली गो बाय."

माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. पण दहा वर्षं मी या देशात राहिले होते, सहा वर्षं वर्गणी भरत होते, आणि ही गोष्ट दोन शब्दांत निकालात काढण्याएवढी साधी नाही असं मला मनापासून वाटत होतं. रोज रात्री जेवणं झाली की आम्ही बोलायला बसायचो.

सिंगापूरही एके काळी गिरणगावासारखंच पेटलेलं होतं, हे ऐकून बाबा सावरून बसले. मे १९५५ मध्ये हॉक ली बस कंपनीच्या कामगारांचा संप चिघळला. चिनी शाळांची पोरं संपकऱ्यांसाठी जेवण घेऊन येत होती, गेटसमोर गाणी म्हणत होती. १२ मे ला दंगल झाली आणि चार माणसं मेली. तेव्हाच्या युनियनांचं नेतृत्व लिम चिन सिओंगसारख्या विशीतल्या डाव्या पोरांकडे होतं. स्वातंत्र्याच्या वाटेवर सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांचा पक्ष आणि हे डावे एकत्र होते. १९६१ साली दोघं फुटले आणि त्याबरोबर कामगार चळवळही उभी चिरली गेली. डाव्यांचा एक महासंघ, सरकारबाजूचा दुसरा. दुसरा तो एनटीयूसी. पहिल्याचं काय झालं, असं बाबांनी विचारलं. फेब्रुवारी १९६३ मध्ये 'ऑपरेशन कोल्डस्टोअर' या नावाखाली शंभरावर माणसं एका झटक्यात स्थानबद्ध केली गेली. खटला नाही, काही नाही. लिम चिन सिओंग १९६९ पर्यंत आत होते. डाव्या महासंघाला तर १९६३ मध्येच नोंदणी नाकारली गेली.

"म्हणजे मैदानात एकच पैलवान ठेवला," बाबा म्हणाले.

ही गोष्ट मी त्यांच्यापासून लपवली नाही आणि इथेही गाळणार नाही. इथल्या शांततेची किंमत कोणीतरी दिलेली आहे. ज्यांनी दिली त्यांची नावं दुकानांच्या पाट्यांवर नाहीत.

पण पुढचं ऐकताना बाबा जास्त गंभीर झाले. १९६८ साली ब्रिटिशांनी जाहीर केलं की लष्करी तळ गुंडाळणार. या चिमुकल्या देशाच्या अर्थव्यवस्थेचा पाचवा हिस्सा त्या तळांवर चालायचा. मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी जागा होते जवळपास तेवढीच जमीन, शेती जेमतेम, प्यायचं पाणीसुद्धा मलेशियाकडून यायचं. सरकारनं त्याच वर्षी कामगार कायदे कडक केले. कोणाला नेमायचं, कोणाला बढती, कोणाची बदली, कोणाला काढायचं, यावर युनियननं वाटाघाटी करायच्याच नाहीत असं ठरलं. युनियनचं अर्धं बळ त्या एका कायद्यानं काढून घेतलं. सभासद गळायला लागले.

मग नोव्हेंबर १९६९ मध्ये एनटीयूसीनं चार दिवसांचं एक चर्चासत्र भरवलं. त्यामागे देवन नायर होते. केरळी कुटुंबातला शाळामास्तर, ब्रिटिशांच्या तुरुंगात राहून आलेला, एनटीयूसीचा पहिला सरचिटणीस आणि पुढे १९८१ साली देशाचा राष्ट्रपती. पगार वाढवून घेण्याची वाट अरुंद झाली असेल तर पगार जिथे खर्च होतो ती बाजू आपण हातात घेऊ, असा त्या चार दिवसांचा निष्कर्ष होता. त्यातून १९७० साली कामगारांसाठी 'इन्कम' ही विमा संस्था निघाली, टॅक्सीवाल्यांची 'कम्फर्ट' निघाली. २२ जुलै १९७३ ला 'वेलकम' नावाचं पहिलं दुकान उघडलं, तेही आमच्याच तोआ पायोमध्ये. तेव्हा सगळ्या जगात महागाई भडकत होती, साठेबाज तांदूळ दडवत होते. या दुकानानं भाव धरून ठेवला. १९८३ मध्ये त्याचंच फेअरप्राइस झालं.

आई इतका वेळ वाटाणे सोलत होती. ती म्हणाली, "वाण्याची वही युनियननंच घेतली की."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्यामागं काय होतं? गावचे तांदूळ आणि बायकांची डोरली. एवढं भांडवल आमच्या पाठीशी असतं तर आम्ही अजून दोन वर्षं काढली असती." जरा थांबून म्हणाले, "आणि यांच्याकडे एवढं असून हे संप करत नाहीत. हे मला समजत नाही."

एकदा केला होता. जानेवारी १९८६. हायड्रिल नावाच्या अमेरिकन तेल-यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत युनियनच्या माणसांना त्रास दिला जात होता. तेव्हाचे सरचिटणीस ओंग तेंग चिओंग हे उपपंतप्रधानही होते. त्यांनी एकसष्ट कामगारांच्या संपाला परवानगी दिली आणि मंत्रिमंडळाला आधी कळवलंच नाही. कळवलं असतं तर थांबवलं असतं, असं त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं. काही मंत्री भडकले. संप दोन दिवस चालला आणि कामगारांच्या तक्रारी मिटल्या. ओंग पुढे १९९३ मध्ये लोकांनी थेट निवडून दिलेले पहिले राष्ट्रपती झाले.

ही गोष्ट बाबांनी माझ्याकडून दोनदा ऐकली. "उपपंतप्रधान असून?" असं म्हणून मान हलवली. त्या रात्री पहिल्यांदा ते "सरकारी युनियन" म्हणाले नाहीत.

आता माझं. हे सगळं बोलणं चालू असताना माझी स्वतःची नोकरी गेलेली होती. आई-बाबांची तिकिटं आधीच काढलेली, त्यामुळे त्यांना ते इथे आल्यावरच कळलं.

मी जहाजी मालवाहतुकीच्या एका कंपनीत हिशेब खात्यात होते. त्या धंद्याला दोन-तीन वर्षं मंदीनं घेरलं होतं, जहाजं रिकामी जात होती. ऑक्टोबरमध्ये आमच्या मजल्यावरच्या चौदा जणांना एकेक करून आत बोलावलं आणि पाकिटं दिली. मी २००८ पासून तिथे होते. मध्यंतरी २०१३ मध्ये कंपनी दुसऱ्यांनी विकत घेतली, आम्हाला नवी नेमणूकपत्रं दिली. आता भरपाईचा हिशेब करताना त्यांनी माझी नोकरी २०१३ पासूनची धरली होती. नऊ वर्षांची चार झाली.

मी एनटीयूसीची सभासद होते ती २०११ पासून, जनरल ब्रँचची. म्हणजे कंपनीत युनियन नसेल तरी माणूस एकट्यानं सभासद होऊ शकतो, तशी. वर्षाला ११७ सिंगापूर डॉलर. खरं सांगायचं तर एका सहकारी मैत्रिणीनं आग्रह केला म्हणून फॉर्म भरला होता. बाबांची मुलगी असून युनियनच्या वर्गणीकडे मी सहा वर्षं सवलतीच्या कार्डासारखं पाहिलं, याचं मला त्या ऑक्टोबरमध्ये वाईट वाटलं.

युनियनच्या कार्यालयात मला भेटल्या त्या पन्नाशीच्या चिनी बाई होत्या. डोळ्यांवर जाड चष्मा, टेबलावर झाकणाचा कप. त्यांनी माझी हकिकत ऐकून घेतली नाही असं मला पहिल्या पाच मिनिटांत वाटलं, कारण मी बोलत असताना त्या कागद लावत होत्या. २००८ चं पत्र डावीकडे. २०१३ चं उजवीकडे. मध्ये पगाराच्या चिठ्ठ्या तारखेनं. मग त्यांनी पेन्सिलनं दोन चिठ्ठ्यांवर खूण केली, मे २०१३ आणि जून २०१३. दोन्हींवर माझा कर्मचारी क्रमांक एकच होता. मालक बदलला, पत्र बदललं, पण माझा नंबर बदलला नव्हता आणि शिल्लक रजाही पुढच्या चिठ्ठीत जशीच्या तशी आली होती. "हे त्यांना दाखवू," एवढंच त्या म्हणाल्या.

माझ्या पदाच्या आणि पगाराच्या माणसाला तेव्हा कामगार कायद्याचं थेट संरक्षण नव्हतं. ते २०१९ मध्ये आलं. होती ती त्रिपक्षीय मध्यस्थी. एका टेबलाभोवती मालक, युनियन आणि सरकारचा माणूस. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "गेट मिटिंग कधी?"

"गेट मिटिंग नसते बाबा. बसून बोलायचं."

"चौदा जण एकत्र जाणार ना?"

"नाही. आम्ही तिघंच सभासद आहोत."

"आणि मालक नाही म्हणाला तर?"

या प्रश्नानं माझी झोप उडाली. कारण तो नाही म्हणाला तर काय, हे मलाही ठाऊक नव्हतं. तो नाही म्हणाला नाही. दोन बैठका झाल्या. दुसऱ्या बैठकीत त्या बाईंनी दोन चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या आणि गप्प बसल्या. बराच वेळ कोणी बोललं नाही. कंपनीच्या माणसानं फोन करायला म्हणून बाहेर जाऊन यायला वीस मिनिटं घेतली. परत आला तेव्हा २००८ पासूनचा हिशेब मान्य झाला, वर्षाला तीन आठवड्यांच्या पगारानं. आम्हा तिघांनाही. बाकीच्या अकरांपैकी किती जणांना मिळालं ते मला नीट कळलं नाही. ही गोष्ट मला आजही टोचते. बाबांच्या हिशेबात चौदांपैकी तिघांचं भलं झालं तर तो विजय धरत नाहीत.

तरी ते कागद बाबांनी हातात घेऊन नीट वाचले. आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "नऊ वर्षांचे पूर्ण?" मी हो म्हटलं. त्यांनी कागद घडी घालून आईकडे दिले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. एकोणीस वर्षांचं काहीच मिळालं नव्हतं त्या माणसाला.

बाबा रोज संध्याकाळी फिरायला जायचे आणि समोरच्या सोसायटीच्या गेटवरच्या रखवालदाराशी त्यांची ओळख झाली. तो साठीचा तमिळ माणूस. बाबांना तमिळ येत नाही, त्याला हिंदी चार शब्द. पण वॉचमन वॉचमनला ओळखतो. एक दिवस बाबा मला दुभाष्या म्हणून घेऊन गेले.

या देशात सगळ्यांसाठी एकच असं किमान वेतन नाही. त्याऐवजी एनटीयूसीनं २०१२ पासून एक शिडी लावून धरली आहे. प्रत्येक धंद्याची वेगळी शिडी. खालच्या पायरीचा मूळ पगार ठरलेला, त्याच्या वर प्रशिक्षण घेतलं की पुढची पायरी. आधी सफाई कामगार. २०१४ मध्ये त्यांचा मूळ पगार कमीत कमी हजार डॉलर झाला, आणि तो न देणाऱ्या कंत्राटदाराला परवानाच नाही. मग सप्टेंबर २०१६ पासून रखवालदार, अकराशे डॉलर. सिंगापूरच्या भावानं हे पैसे थोडेच आहेत. पण आधी आपण सातआठशेवर होतो, असं त्या माणसानं सांगितलं. त्याच्या खिशात कोर्सचं प्रमाणपत्र होतं, प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं. त्यानं ते बाबांना काढून दाखवलं.

बाबांनी विचारलं, "ड्यूटी किती तास?"

"बारा."

"बारा तासच ना अजून," बाबा मराठीतच म्हणाले. मी भाषांतर केलं नाही, पण त्याला समजलं असावं. तो म्हणाला, तासांचं बोलणं चाललंय असं ऐकतो. २०२१ पासून खरंच नियम बदलला आणि रखवालदारांच्या ओव्हरटाइमलाही बाकीच्या कामगारांप्रमाणे महिन्याला ७२ तासांची मर्यादा लागली. मी बाबांना लगेच फोन केला. ते म्हणाले, "त्याला सांग, मी विचारलंय म्हणून." मी गेटवर गेले तर तिथे दुसराच माणूस होता.

सफाई कामगारांची खालची पायरी जुलै २०२३ मध्ये १,५७० डॉलरवर गेली. माझ्या आताच्या ऑफिसात सत्तरीला टेकलेली एक आंटी सकाळी सहाला येऊन पेले धुते. पगाराची चिठ्ठी तिला वाचता येत नाही. ती माझ्याकडे आणते आणि मी आकडा मोठ्यानं वाचते. मागच्या वेळी वाढ झाल्यावर तिनं मला दोन मोसंबी दिली.

हे सगळं मी महासंघाच्या बाजूनं मांडते, आणि मनापासून मांडते. पण २०१२ चा नोव्हेंबर मी विसरलेले नाही. २६ तारखेला सोमवारी चीनहून आलेल्या १७१ बसचालकांनी कामावर जायला नकार दिला. मलेशियातून आलेल्या चालकांपेक्षा पगार कमी आणि राहायच्या खोल्यांची दैना, अशी त्यांची तक्रार होती. सव्वीस वर्षांतला पहिला संप. बस ही अत्यावश्यक सेवा, चौदा दिवसांची नोटीस दिलेली नव्हती, म्हणून तो बेकायदा ठरला. पाच जणांना तुरुंगवास झाला, एकोणतीस जणांना परत पाठवलं गेलं. पुढे कधीतरी हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी फोनवर विचारलं होतं, "मग युनियन त्यांच्या बाजूला उभी राहिली?" नाही राहिली. संप बेकायदा आहे, असंच महासंघही म्हणाला. मंत्रिपद आणि सरचिटणीसपद एकाच माणसाकडे असलं की अशा दिवशी त्याच्या तोंडून दुसरं काय निघणार? परदेशी मजुरांसाठी महासंघानं मालकांच्या संघटनेबरोबर २००९ मध्ये एक केंद्र काढलं आहे, ते पगार बुडवणाऱ्यांविरुद्ध मदत करतं, हे खरं आहे. पण त्या एकोणतीस जणांना विमानात बसवताना ते पुरलं नाही.

फेब्रुवारी २०२० ची एक आठवण मात्र दुसऱ्या पारड्यात टाकायलाच हवी. ७ तारखेला शुक्रवारी सरकारनं साथीचा इशारा वाढवला आणि तासाभरात लोक दुकानांवर तुटून पडले. मी ऑफिसातून थेट गेले तर तांदळाचे रॅक कोरे, फळीवर सांडलेले दाणे तेवढे. मला एकदम लालबागचा वाणी आठवला, हात जोडलेला. दोन दिवसांत फेअरप्राइसनं पाटी लावली. एका माणसाला तांदळाच्या दोनच पिशव्या. टिश्यू चार, नूडल्स चार. भाज्या पन्नास डॉलरच्या. आणि भाव वाढवला नाही. सोमवारी रॅक पुन्हा भरलेले होते. पुढे २०२३ मध्ये विक्रीकर एक टक्क्यानं वाढला तेव्हाही पाचशे जिन्नसांवरची वाढ सहा महिने दुकानानं स्वतः सोसली. १९६९ च्या त्या चार दिवसांच्या विचाराला पन्नास वर्षांनीही धुगधुगी आहे, ती मी डोळ्यांनी पाहिली.

म्हणूनच २०२४ मध्ये जे झालं ते इतकं लागलं.

'इन्कम' ही विमा संस्था २०२२ मध्ये सहकारीची कंपनी झाली होती. जुलै २०२४ मध्ये बातमी आली की तिचा ५१ टक्के हिस्सा आलियान्झ ही जर्मन कंपनी २.२ अब्ज डॉलरला विकत घेणार. हॉकर आणि टॅक्सीवाल्यांना परवडेल असा विमा देण्यासाठी काढलेली संस्था! लोकांनी पत्रं लिहिली, जुन्या जाणत्यांनी उघड विरोध केला. महासंघाचे नेते मात्र व्यवहाराच्या बाजूनं बोलले. ऑक्टोबरमध्ये संसदेत सरकारनं सांगितलं की या स्वरूपात परवानगी देणार नाही, कारण व्यवहारानंतर कंपनीतून जवळपास १.८५ अब्ज डॉलर भांडवल काढून घेण्याचा बेत होता. घाईनं कायदा दुरुस्त केला. डिसेंबरमध्ये आलियान्झनं माघार घेतली.

युनियनच्या घरातली संस्था विकली जात होती आणि ती थांबवली सरकारनं. एरवी उलटं व्हायला हवं. मी बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, गावीच असतात, एका कानानं कमी ऐकू येतं. त्यामुळे मी प्रत्येक वाक्य दोनदा म्हटलं.

शेवटी त्यांनी विचारलं, "सभासदांना विचारलं होतं का?"

"नाही बाबा."

"तुला काही पत्र, काही सूचना?"

"नाही. पेपरात वाचलं."

पलीकडून कोंबडा ओरडला. आईनं काहीतरी विचारलं, त्यांनी तिला थांब म्हणून सांगितलं.

"वर्गणी भरतेस ना अजून?"

"भरते."

"मग विचार त्यांना."

त्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी लॅपटॉप उघडून बसले. बाबांनी गेट मिटिंगमध्ये उभं राहून प्रश्न विचारले होते, मी कधी विचारला नव्हता. इंग्रजीत लिहायचं होतं आणि सुरुवात जुळत नव्हती. चार वेळा खोडलं. मग डाव्या हाताला २०११ चं सभासदपत्र ठेवलं, उजवीकडे त्या वर्षीच्या वर्गणीची पावती, आणि पहिल्या ओळीत सभासद क्रमांक लिहिला.